माठातलं ओगराळं

पेडगावच्या कुसुमबाईच्या घरी कुणीही माठात स्वतः पेला बुडवून पाणी घ्यायचं. परसाकडून आलेली लेकरंसुद्धा, हात न धुता. सून मनिषानं लांब दांड्याचं ओगराळं आणलं, तर कुसुमबाई कडाडली, "माज्या मायला विहिरीला शिवू दिलं न्हाई. तिच्या ओंजळीत लोकायनी वरून पाणी वतलं. माज्या घरात ते चालायचं न्हाई!" ओगराळं माळ्यावर गेलं.

नात रोहिणीला दूध, अंडी, कशाची कमी नव्हती. पण सारखी हगवण लागायची, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. कुसुमबाई सुनेवरच डाफरायची, "लेकराला चारायलीस का न्हाई?"

शेवटी अंगणवाडीच्या ताईंनी माठात डोकावून पाहिलं. "मावशी, खाणं चांगलं हाय. हाताची घाण पाण्यातून पोटात जायलीय."

त्याच दिवशी कुसुमबाईनं माठ उंच कट्ट्यावर चढवला आणि ओगराळं खाली काढलं. हगवण थांबली, खुंटलेली उंची मात्र भरून निघाली नाही.

रोहिणी आता सात वर्षांची आहे. तिच्या वयाच्या पोरी ओगराळ्यानं आपलं पाणी आपण घेतात. तिचा हात कट्ट्यापर्यंत पोचत नाही. तहान लागली की ती ओंजळ धरून उभी राहते, आणि कुसुमबाई वरून पाणी ओतते.