कंपनीची पिशवी

वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सुनंदाताईंनी आमची बेल वाजवली, तेव्हा त्यांच्या हातात, ज्या कंपनीचा माल त्या घरोघरी विकायच्या, त्या कंपनीची हिरवी पिशवी होती. बायकोने दार अर्धंच उघडलं.

"वहिनी, एक काम होतं."

"अहो, मागचाच पावडरचा डबा फोडला नाही अजून!"

सुनंदाताई सवयीने हसल्या. "असू दे, घाई नाही," म्हणाल्या. पिशवीतून हॉस्पिटलची फाईल डोकावत होती. मी ती पाहिली आणि पेपरचं पान उलटलं.

पहिल्याच दिवशी कंपनी अशा विक्रेत्या बायकांना, माल कुणाला विकता येईल म्हणून, ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहायला लावते. बहिणी, शेजारणी, शाळेतल्या मैत्रिणी. सुनंदाताईंनी ती मनापासून लिहिली असणार. पण एकदा यादीत गेलेला माणूस गिऱ्हाईक होतो, तो पुन्हा शेजारी होत नाही. त्याला फक्त पिशवी दिसते.

दुसऱ्या दिवशी त्यांचं ऑपरेशन होतं आणि कागदांवर सही करायला कुणीतरी हवं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या दिवशी त्या आमच्याकडून समोरच्या दाराकडे वळल्या. आत मालिका चालू होती. त्यांनी बेल वाजवली आणि टीव्हीचा आवाज बंद झाला. दार मात्र उघडलं नाही.