मावशीने आटवलेला प्रश्न

आमची मावशी छापखान्यात संगणकावर अक्षरजुळणी करते. सव्वीस वर्षं पावतीपुस्तकं नि माहितीपत्रकं जुळवून झाल्यावर मालकांनी एक दिवस तिच्या पुढ्यात त्रिकोणमितीचं हस्तलिखित आपटलं. लेखक निवृत्त प्राध्यापक. त्यांचा हुकूम एकच: पदावली एका ओळीतच बसली पाहिजे, मोडून खाली गेलेली चालणार नाही. आणि पान दोन कॉलमांचं. म्हणजे खोली लहान नि पलंग दांडगा.

शाळेत मावशीची गणिताशी कायमची कट्टी. पण उरल्यासुरल्या तुकड्यात उशीचा अभ्रा बसवणारी बाई ती. जुळवता जुळवता तिने वाचलं, साइनवर्ग अधिक कॉसवर्ग म्हणजे एक.

"एवढी दोन धेंडं, आणि काम एका आकड्याचं," ती मला म्हणाली. "कशाला पोसायची?"

तेव्हापासून उत्तरातली एखादी पायरी कॉलमबाहेर डोकावली, की मावशी तिला जागच्या जागी आटवायची. पहिली आवृत्ती बिनबोभाट खपली.

दुसऱ्या आवृत्तीत हात जरा जास्तच सैल सुटला. सरांनी नव्याने घातलेल्या सरावाच्या चौदाव्या प्रश्नात तीन कंसांचा गुणाकार होता: एक अधिक टॅनवर्ग, एक वजा साइन, एक अधिक साइन. बसेना. मावशीने मागच्या दोघांचा कॉसवर्ग केला, पुढच्याचा सेकवर्ग केला आणि दोघांना एकमेकांच्या अंगावर सोडलं. प्रूफ निघालं ते असं:

"१४. सोपे रूप द्या: १."

मी तिला न्यायला गेलो होतो, तेव्हाच सर ते प्रूफ घेऊन आले.

"बाई, यात मुलांनी काय करायचं?"

"दम खायचा, सर. तेरावा फार लांब आहे."

मालकांनी कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "मी पुस्तक दुसरीकडे नेतो." मालक मावशीला म्हणाले, "मग पुस्तकामागून तुम्हीही निघा."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. मूळ प्रश्न तर बसतच नव्हता. "दहा मिनिटं द्या," म्हणत तिने पाठकोरा कागद ओढला आणि एकापासून उलटी निघाली. खाडाखोड झाली, पेन्सिलीचं टोक मोडलं. शेवटी तिने कागद पुढे केला: सेक अधिक टॅन, गुणिले सेक वजा टॅन.

सरांनी सोडवलं. सेकवर्ग वजा टॅनवर्ग. एक.

"बरोबर आहे," ते नाइलाजाने म्हणाले. मग काहीतरी डोक्यात आलं म्हणून त्यांनी उत्तरांची पानं उलटली. "ही पायरीही माझी नाही. ही पण नाही. पहिल्या आवृत्तीतसुद्धा?"

मावशीने मान डोलावली.

सर मटकन खुर्चीत बसले. पहिल्या आवृत्तीला शिक्षकांच्या एका मासिकाने 'उत्तरांची आटोपशीर मांडणी' म्हणून नावाजलं होतं. त्या कात्रणाच्या प्रती सरांनीच छापखान्यात वाटल्या होत्या.

त्यांनी हस्तलिखित मावशीकडे सरकवलं.

"प्रश्नांना हात लावायचा नाही."

"नाही, सर."

"उत्तरं..." सर चष्मा पुसू लागले. "उत्तरांचं तुम्ही बघा तुमच्या सोयीनं."