हातच असा हाय

"आपला हातच असा हाय." हे त्याचं ठरलेलं वाक्य.

अमरावतीच्या फळबाजारात तो संत्र्यांची छाटणी करायचा. खाली न पाहता फळ टाकायचा. मोठं उजव्या ढिगात, बारीक डाव्या. एकही फळ आपटत नसे. शेंदूरजनाघाटचे बागवाले उभे राहून पाहत. कोणी वाहवा केली की तो तेच म्हणे. बुढ्याचा माज काही जात नाही, म्हणून लोक हसत. मीही हसलो आहे. तुम्हीही हसला असता.

त्याआधी तो अकोल्याच्या एका गिरणीचा गोलंदाज होता. हजेरीपटावर फिटरचा हेल्पर, पण त्याच्या हाती पाना कोणी पाहिला नाही. गिरणीनं त्याला ठेवलं होतं ते चेंडू टाकायला. तिवशाचा एक फलंदाज दांडी उडाल्यावर म्हणाला होता, "थो चेंडू नाही बे, साप हाय."

मी पंच. शाळा चौथीपर्यंत, पण खेळाचे नियम तोंडपाठ. दिलेला निर्णय मी कधी फिरवला नाही. त्याचा मला गर्व होता. अजूनही आहे, थोडा.

त्या दिवशी अकोल्याला सामना होता. गिरणीचे मालक मंडपात बसलेले. मी लेगच्या बाजूला उभा. त्यानं चेंडू टाकला आणि मला त्याचं कोपर वाकलेलं दिसलं. वाकलेला हात झटक्यानं सरळ केला तर ते फेकणं झालं, ते नियमात बसत नाही. मी हात आडवा केला. नो-बॉल. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही.

तो माझ्यापाशी आला. "पंच, मी फेकून नाही राहिलो. आपला हातच असा हाय."

मला वाटलं, मिजास दाखवतो. म्हणालो, "असा हात असन तर जाय, बाजारात संत्री फेक."

मैदान हसलं. कप्तानानं त्याच्याकडून चेंडू घेतला. पंधरा दिवसांत गिरणीनंही त्याला काढलं. आणि तो खरंच संत्र्यात आला.

पुढे मीही अमरावतीत आलो. बाजारात रोज गाठ पडायची. राग नाही, काही नाही. चहा पुढे करून म्हणायचा, "पाहा पंच, साखर नियमात बसते काय?"

एकदाच म्हणाला, "थे तीन चेंडू बरोबर होते, एवढं एकडाव म्हणा ना भाऊ. मी कोणाले नाही सांगत."

"पंच चुकत नसते," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. हातातलं संत्रं सोललं आणि अर्धं मला दिलं. मी ते खाल्लंही.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. आंघोळ घालायला आम्ही दोघं, त्याचा भाचा आणि मी. उजवा हात काही सरळ होईना. भाच्यानं जोर लावला, तशी वलगावची त्याची म्हातारी बहीण दारातून म्हणाली, "नको दाबू रे. लहानपणी झाडावरून पडला, हाड बसवणाऱ्यानं वाकडंच बसवलं. मंग थो हात कवाच सरळ झाला नाही."

मग माझ्याकडे पाहून, "तुमी जुने दोस्त ना, भाऊ? तुमाले मालूम नव्हतं?"

जो हात सरळच होत नाही, तो झटका कुठून देणार? चाळीस वर्षं त्याच हातानं त्यानं मला चहा दिला. मी कपाकडेच पाहत आलो, हाताकडे नाही.

आपल्याकडे सरण पेटलं की लोक बसतात आणि कोणीतरी दोन शब्द बोलतो. भाचा म्हणाला, "पंचकाका, तुमी बोला."

मी उभा राहिलो. गिरणीतलं कोणी उरलं नव्हतं. सगळे बाजारातले हमाल, अडते, छाटणीच्या बाया.

"त्याचे तिन्ही चेंडू बरोबर होते," मी म्हणालो. "चूक माही होती."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. एक हमाल शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "बुढा खेळे काय?"

कोणालाच माहीत नव्हतं. मी पहिल्यापासून सांगायला लागलो, गिरणी, मैदान, मंडप. तोवर मागचे लोक उठून चपला शोधत होते.