तेजस्विनीचं वाण

डॉक्टरकीला नंबर लागला नाही म्हणून तेजस्विनी फिजिओथेरपीला गेली, असं अख्ख्या पांढुर्ण्याला वाटतं. वाटो बापडं. मी तिची शेजारीण, मला खरं ठाऊक आहे. तिच्या आजोबांना लकवा झाला, तेव्हा नागपूरच्या एका बाईंनी त्यांना पुन्हा आपल्या हातानं घास घ्यायला शिकवलं. पोरीनं तेव्हाच ठरवलं होतं.

डिग्री झाली आणि पुढं कशात तज्ज्ञ व्हायचं यावरून घरात जुंपली. वर्गातली पोरं खेळाडूंच्या मागे, बाकीचे हाडा-सांध्यांकडे. तिचे वडील गजाननराव, त्यांचं मोटार-पंपांचं दुकान. ते म्हणाले, "हाडाचंच घे. संत्रा तोडनारे, कापूस येचनाऱ्या, सारे कंबर धरून येतीन. दुकानावरच दवाखाना काढू."

हिला मात्र नागपूरला जाऊन बायकांचं दुखणं शिकायचं होतं. बाळंतपणानंतर सैल पडलेले स्नायू, खोकला आला की सुटणारी लघवी. गजाननरावांचे कान लाल झाले. "असलं घेशीन तं नागपूरले पाठवत नाही. पोरगी काय करते म्हून लोकाईले काय सांगू?"

"जे करते तेच सांगा," ती म्हणाली.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांच्याकडेच होतं. तिची आई सुधा स्टीलच्या वाट्या वाण म्हणून वाटणार, तेवढ्यात तेजस्विनी उभी राहिली.

"काकू, वाण घ्याच्या आधी एक सांगा. शिंक आली का कोनाकोनाले पाय आवळून धरा लागते?"

एकीला हसू फुटलं, बाकीच्या साड्यांच्या काठांकडे बघू लागल्या. मला आमचाच राग आला. गुडघ्यांचं रडगाणं तासभर गाऊ, आणि इथं साऱ्यांची दातखीळ!

मग म्हाताऱ्या अंबाबाई बोलल्या, "शिंक कायची पोरी, हासलं तरी होते. धाकट्याच्या बाळंतपनापासून मी जामसांवलीच्या मारोतीले गेली नाही. देवाच्या दारात लुगडं ओलं झालं तं?"

यानंतर कोण थांबतंय! तेजस्विनीनं व्यायाम शिकवला: लघवी रोखल्यासारखं आतून आवळायचं, सोडायचं, श्वास मात्र चालू ठेवायचा. हातात तिळगूळ, चेहरे साळसूद, आणि आम्ही साऱ्या आवळतोय.

सुधा तेवढी कुंकवाचा करंडा उगाच पुसत होती.

संध्याकाळी मी ताट परत द्यायला गेले तर गजाननराव कडाडत होते. बातमी दुकानात पोचलीच होती. "घरची अब्रू चवाट्यावर आनली! जानं बंद नागपूरचं!"

"बंद कायले?" सुधा म्हणाली. नवऱ्यापुढं ती चढ्या आवाजात बोललेली मी कधी ऐकली नव्हती. "लग्नाले चाल म्हनलं तं मी नाही म्हनतो, गाडीत बसत नाही, तुम्ही मले घरकोंबडी म्हनता. हे पोरगी झाली तवापासून मी कापडाची घडी लावून हिंडून राहिली. एकदा तरी इचारलं तुम्ही?"

गजाननराव खुर्चीत बसले.

"तुम्ही पाठवता, का मीच नेऊन देऊ तिले?"

"गाडी किती वाजताची हाय?" त्यांनी विचारलं. "मी येतो टेसनावर."