सकाळी-या मिस्त्री

वाटूर फाट्यावरचे आमचे मिस्त्री गरम गाडीला हात लावत नसत. वाफा सोडत आलेली जीप असो की लग्नाला निघालेलं वऱ्हाड, उत्तर एकच: "सकाळी या." त्यामुळे सगळा फाटा त्यांना 'सकाळी-या मिस्त्री' म्हणे. हे त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

मी पहिल्यांदा गेलो तो तणतणतच. वडील गेल्यावर त्यांची गाडी माझ्याकडे आली होती आणि तिचा तापमानाचा काटा सारखा लाल रेघेवर जात होता. जालन्यातल्या एका गॅरेजवाल्याने "इंजिन गेलं, विकून टाका" असं सांगून टाकलं होतं. वडिलांनी बारा वर्षं जपलेली गाडी मी सहा महिन्यांत घालवली, हे मला खात होतं. तो सगळा राग मिस्त्रींवर काढला. "आत्ताच्या आत्ता बघा!"

"गाडी बी गरम, तुम्ही बी गरम," ते म्हणाले. "दोघं थंड व्हा. मंग बघू." चावी काढून घेतली आणि मला चक्क जालन्याच्या एसटीत बसवून दिलं. रस्ताभर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सकाळी पोचलो तर मिस्त्री चहा पीत बसलेले. बॉनेट उघडून म्हणाले, "लावा हात." रात्रभर उभं असलेलं इंजिन गारेगार होतं. मग त्यांनी गाडी सुरू न करता नुसती चावी फिरवली. काटा तडक लाल रेघेवर गेला आणि पंखाही घरघरायला लागला!

"आता सांगा भाऊ, खोटं कोण बोलून राह्यलं? इंजिन बिलकुल बराबर हाय. ह्यो ताप मोजणारा सेन्सर गेलाय."

बोटाएवढा सेन्सर बदलला आणि काटा निमूट खाली बसला. मला रडूच फुटलं. मिस्त्री उगाच पाने-पकडी पुसत बसले.

पुढे मी काम नसतानाही थांबायचो. एकदा ऑफिसातल्या साहेबाशी भांडायला निघालो होतो. माझ्याकडे बघून मिस्त्री म्हणाले, "गाडी ठीक हाय. तुम्हीच सकाळी जा."

यंदाच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. मला कळलं ते तेराव्यानंतर, तेही पेट्रोल पंपावर. त्यांच्या मुलाने मला साधं कळवूही नये? संतापून वाटूर गाठलं. शटर बंद होतं. मुलाला चांगलं सुनवावं म्हणून फोन काढला, पण बॉनेटवर टेकलेला हात पोळला. तसाच उभा राहून खूप रडलो.

मुलाला फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.