शांतवाला घोडा

जालन्यातल्या त्या बागेत मी एकटी गेल्ते, आणि घोड्यावर बसायलाच गेल्ते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हे घरी कुणाला सांगणार? "जरा पाय मोकळे करून येते," म्हटलं आणि रिक्षा धरली.

ही हौस लग्नापासूनची. टेंभुर्णीला आमच्या दारासमोरून नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला, वाजतगाजत, घोड्यावर. मी खिडकीतून बघून राह्यले. आमचे हे घोड्याच्या मानेला मिठी मारून, डोळे गच्च मिटून बसलेले. घोडा बिचारा गुमान चाललेला, तरी यांचा जीव कंठाशी. मला इतका राग आला! अरे, ज्याला भीती वाटते त्याला बसवता, आणि जिला बसायचंय तिच्या हाताला हळकुंड बांधून तिला खोलीत कोंडता? आईला तसं म्हटलं, तर तिनं माझ्या तोंडात पेढा कोंबला.

तर बाग. दुपारचे चार, आत चिटपाखरू न्हाई. अर्धा घंटा मी लिंबाखाली नुसती बसले. कुणी चहा मागत न्हाई, कुणी चष्मा शोधायला लावत न्हाई. कसलं सुख, काय सांगू! तिथंच डोळा लागला असता, पण समोर सिमेंटचे चार घोडे. तीन मागच्या पायांवर उधळलेले, एक खाली मान घालून उभा. मी शांतवाला निवडला. लग्नाच्या वेळी एवढी निवड करायला कुणी दिली नव्हती.

चौथऱ्यावर चढले, पदर खोचला. एका अंगानं बसायचं मला बिलकुल मंजूर नव्हतं. तसं स्कूटरवर मागं तीस वर्षं बसलेय. आयाळ धरली, गुडघा कटकन वाजला, आणि बसले की हो एकदाची! दोन्हीकडं पाय टाकून, बराबर. सिमेंट असं तापलेलं की साडीतून चटका बसला. तरी उतरले न्हाई. पाठ ताठ केली, हळूच "चल" म्हटलं. कुणी बघत नव्हतं म्हणून टाचही मारली. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. चटक्याचं न्हाई.

मंग उतरायला गेले, तर उजवा पाय वर येईच ना. चढताना ज्या गुडघ्यानं साथ दिली, त्यानंच आता हात वर केले. तेवढ्यात शिट्टी वाजली. बागेचा वॉचमन काठी घेऊन आला.

"ओ मावशी! उतरा खाली! वर बसायला बंदी आहे!"

"तेच करून राह्यले ना बाबा. उतरता येईना."

"मंग चढल्या कशाला?"

"आधी खुर्ची आण. भांडण खाली आल्यावर करू."

तो खुर्चीला पळाला आणि मी वरूनच फाटकाकडं नजर लावली. जालना ते केवढं! कुणी ओळखीचं बघितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात बोभाटा होणार. हसतील तर हसू द्या. पण लेक म्हणेल, "आता आईला एकटं कुठं सोडायचं न्हाई." हा बागेतला अर्धा घंटा कायमचा गेला असता. त्याचीच धास्ती होती.

आणि आलंच कुणीतरी. बुरख्यातली बाई, माझ्याच वयाची, एकटीच. मी तोंड फिरवलं. पण घोड्यावर बसलेल्या बाईनं तोंड फिरवून काय लपणार?

ती थेट चौथऱ्याशी आली. हसली न्हाई, काही विचारलं न्हाई. "मेरे कंधे पे हाथ रखो, आपा," एवढंच म्हणाली. वॉचमननं खुर्ची लावली, तिनं माझा पाय धरून अलगद पलीकडून अलीकडं घेतला, आणि मी जमिनीवर आले. वॉचमन पुटपुटत खुर्ची उचलायला वाकला.

तिनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "रहने दो, भय्या." मंग हातातली भाजीची पिशवी माझ्याकडं दिली, इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "पैले कौनसा पाँव डाले थे, आपा?"