आडोशाची जागा

नाशिक रोडच्या कॉलनीत धोंडीरामला त्याच्या नावानं हाक मारणारी माणसं कमी. सगळे त्याला ‘जागावाले काका’ म्हणतात. तुम्हाला वाटेल, प्लॉटचा दलाल असणार. छे हो! प्रेसमध्ये नोकरी करून रिटायर झालेला सरळ माणूस तो. पण थंडी पडली की कॉलनीतली बिऱ्हाडं तंबू घेऊन जंगलात मुक्कामाला जातात, आणि तंबू कुठं ठोकायचे ते धोंडीराम ठरवतो. त्याच्या शब्दाशिवाय कुणी खुंटीला हात लावत नाही.

जागा बघायची त्याची तऱ्हाही न्यारी. आधी झाडांकडं बघणार, पुराचा काडीकचरा कुठवर अडकलाय ते. मग डोक्यावर वाळकी फांदी नाही ना, याची खात्री करणार. आणि शेवटी सगळ्यांदेखत जमिनीवर उताणा झोपणार! पाठीला खडा टोचला नाही की उठून हात झटकणार आणि म्हणणार, “ठोका.” हा एक शब्द ऐकायला माणसं भोवती गोळा होतात. धोंडीरामला ते आवडतं. खोटं कशाला बोला, फार आवडतं. जन्मभर साहेबांच्या हुकमात चाललेला माणूस, तेवढ्या एका शब्दापुरता तो साहेब होतो.

यंदा इगतपुरीच्या पलीकडं, जंगलातल्या एका नदीवर जायचं ठरलं. गाडी वाटेत बंद पडली, पोचेपर्यंत उन्हं कलली. पोरं भुकेनं किरकिर करायला लागली. धोंडीरामनं दोन जागा नापास केल्या आणि नदीच्या वळणावर त्याला तिसरी सापडली. तिन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या, मधे सपाट जमीन, काठाला रुंद खडक, आणि वाऱ्याचा मागमूस नाही.

“काय आडोसा आहे, वा!” असं म्हणून तो आडवा झाला. पाठीला काही टोचलं नाही. मात्र उठताना त्याची नजर खडकावर गेली. तिथं साबणाची झिजलेली वडी होती. बाजूला विंचरलेल्या केसांचा गुंता, आणि हिरव्या बांगडीचा तुकडा.

धोंडीराम काही फ्लॅटमध्ये जन्मलेला नाही. त्याला लगेच कळलं, की ही वरच्या पाड्यावरच्या बायकांची अंघोळीची जागा. वाटलं, उठावं आणि म्हणावं, इथं नको, पुढं चला. पण मागं सगळी कॉलनी उभी होती, अंधारून येत होतं, आणि कुणीतरी म्हणूनही गेलं होतं, “काका, मानलं तुम्हाला!”

एवढ्यात पाड्यावरचा म्हातारा केरू तिथं आला. हात जोडून म्हणाला, “पाव्हणं, वर माळावर ऱ्हावा की. तिथं लय बरं हाय.”

“माळावर वारा लागेल बाबा. ही जागा कुणाच्या मालकीची आहे का?”

“मालकीची नाय कुनाच्या. पर माळ बरा.” केरू घुटमळला. घरच्या बायाबापड्यांची गोष्ट परक्या पुरुषापुढं कशी काढायची? तो खाली बघतच माघारी वळला.

तो पाठमोरा झाल्यावर धोंडीरामनं काय करावं? बुटाच्या टोकानं ती साबणाची वडी पाण्यात लोटली. केसांचा गुंताही लोटला. आणि वळून म्हणाला, “ठोका.”

उजाडताना शेजारच्या कुलकर्ण्यांच्या रुद्रनं ड्रोन उडवला. कॉलेजात जाणारा पोरगा, नवं खेळणं. सगळे चहाचे कप घेऊन त्याच्या मोबाइलभोवती जमले. खाली नदी, धुकं, जंगल. ‘अहाहा’ आणि ‘काय व्ह्यू आहे’ यांचा नुसता गजर. ड्रोन खालच्या उघड्या पात्रावर गेला तसा रुद्र म्हणाला, “काका, पाण्यात मडकी तरंगतायत का ती?”

धोंडीरामनं वाकून बघितलं. मडकी कसली? बायकांची डोकी होती ती. वर काय घिरट्या घालतंय ते बघून त्या गळ्याएवढ्या पाण्यात बसल्या होत्या, माना खाली घालून. पौषातली थंडी, आणि वरून ते यंत्र हलेना.

“खाली घे ते!” तो एवढ्या जोरात ओरडला, की एकाच्या हातातला चहा सांडला. “आधी खाली घे!”

धोंडीरामची आई अशीच बसायची. त्यांच्या गावात वरचा डोह बाकीच्यांचा. यांच्या वस्तीतल्या बायकांना हुकूम होता, ‘तुम्ही खालच्या अंगाला जा.’ खालचं अंग म्हणजे गाडीवाटेला लागून, सगळं उघडं. कुणी वाटेनं आलं की आई गळ्याएवढ्या पाण्यात बसून राहायची, तो जाईपर्यंत. मग घरी येऊन चुलीपुढं दात वाजवत बसायची. धोंडीरामनं ते लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचा त्याला संताप होता. कॉलनीतल्या भाषणांत तो त्यावर बोललाही होता. आणि काल त्यानं स्वतः पाच-पंचवीस बायकांना खालच्या अंगाला घातलं. कशापायी? एका ‘ठोका’पायी! धरणी दुभंगावी असं त्याला झालं.

त्यानं तंबू उचलायला लावले. कुरकूर झाली तेव्हा म्हणाला, “ही पाड्यावरच्या बायकांची जागा आहे. आपली चूक झाली.” आता बघा, ‘आपली’ म्हणाला. माझी नव्हे. लोक विरघळले. “काका, तुमचं मन किती मोठं! तुम्हाला तरी काय माहीत असणार?” धोंडीराम खाली वाकून खुंट्या उपटत राहिला, आणि ते कौतुक त्याला आणखी जाळत गेलं.

बायको सुमनबाई म्हणाली, “चला, वर जाऊन माफी मागून येऊ.” दोघं पाड्यावर गेली. केरूची बायको साळूबाई अंगणात शेकोटीपाशी बसली होती, ओठ अजून काळेनिळे. शेजारी तिची सून, ओले केस पुसत. साळूबाईनं लगबगीनं घोंगडी अंथरली आणि कोरा चहा दिला.

“फार चुकलं आमचं, बाई,” सुमनबाई म्हणाली.

“अवो, चुकलं कशाचं?” साळूबाई हसली. “तुमी शेरातली मान्सं, तुमाला काय ठावं? ठावं असतं तर थांबला असता व्हय?”

सुमनबाईनं सुस्कारा सोडला. एवढी माफी घेऊन धोंडीराम उठला असता तरी चाललं असतं. नावही राहिलं असतं, मानही. बायकोच्या नजरेत तर तो सकाळपासून वरच चढला होता.

पण धोंडीराम उठला नाही.

“ठाऊक होतं मला,” तो म्हणाला. “साबण बघितला होता मी काल. पायानं पाण्यात लोटला.”

सुमनबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला. साळूबाईचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग मावळलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, धोंडीरामकडं पाठ केली आणि सुनेला म्हणाली,

“आत जा गं तू.”